मल्लिनाथचा मेंदू आकसला त्याची गोष्ट

अणदुरात मल्लिनाथला ओळखत नाही असं माणूस हुडकायचं तर आधी बहिरं हुडकावं लागेल, आणि खरं सांगायचं तर बहिरेही त्याला छातीच्या धडधडीवरून ओळखत. त्याची डीजेची गाडी गल्लीतून गेली की मांडणीवरची ताटं आपापली नाचायची, अंड्यावर बसलेल्या कोंबड्या उठून पळायच्या आणि म्हाताऱ्या माणसांचा हात आपोआप छातीकडं जायचा. गाडीच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'रुद्रम्मा साउंड'. रुद्रम्मा ही त्याची आई. आपलं नाव तालुकाभर दुमदुमतंय याचा तिला अभिमान होता आणि त्याच नावानं तिची अर्धशिशी उठायची.

माणूस म्हणाल तर धिप्पाड, राखलेली दाढी, गळ्यात इष्टलिंग, आणि पोट असं की मिक्सरवर वाकला तर दोन बटणं पोटानंच दाबली जायची. बोलणं ओरडून. शेजारी बसलेल्या माणसाला "पाणी दे" म्हणाला तरी तुळजापुरात कुणीतरी तांब्या उचलावा. ऐकायचं कमी आणि ऐकवायचं जास्त, असा सगळा कारभार. बायको महेश्वरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती सांगायची, "अहो, कान जातील एक दिवस." तो म्हणायचा, "आँ?"

तर अशा या माणसाला मुलगी झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून महेश्वरी उमरग्याकडं आईबापाजवळ होती. मल्लिनाथ त्या संध्याकाळी जळकोटात एका वरातीपुढं वाजवत होता. खिशातला फोन थरथरत होता, पण त्या भिंतीएवढ्या बॉक्सांपुढं सगळंच थरथरतं. नवरदेवाचा फेटा थरथरत होता, घोडं थरथरत होतं, त्यात एका फोनचं काय घेऊन बसलात! वरात दारात पोचल्यावर त्यानं फोन बघितला, तर सासऱ्याचे फोनच फोन. लावला. सासरे म्हणाले, "पोरगी झाली. दोघी सुखरूप हायत." हा म्हणाला, "बरं." आणि मिक्सरकडं वळला.

त्याचा भागीदार उमाशंकर गाडी चालवायचा. त्यानं स्टेअरिंग सोडून त्याला मिठी मारली. "मल्ल्या, बाप झालास की लेका!" वरातीतली पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचली. खालून चारजण दमले, पण मल्लिनाथला वर बसून काहीच होईना. कुणी सांगावं की तुझ्या चुलत्याच्या रानात बोअरला पाणी लागलं, तसं त्याला वाटलं. चांगलंच आहे की. पण आपल्याला काय?

त्यानं मनाशी म्हटलं, बघितल्यावर होईल. त्याचा एक लांबचा मामा होता दगडोबा, पाच लेकरांचा बाप. त्यानं छातीठोक सांगितलं होतं, "पोराचं तोंड बघितलं की हितं अशी कळ उठती बघ, बाईला पान्हा फुटावा तशी." मल्लिनाथ अंगडी, टोपडी, पेढे घेऊन उमरग्याला गेला. सासूनं दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं पुढं धरलं. "बघा, नाक अगदी तुमचं." त्यानं वाकून बघितलं. लाल, सुरकुतलेलं, डोळे मिटलेलं, आणि नाक तर कुणाचंच नव्हतं, नुसता ठिपका होता. तो कळ उठायची वाट बघत उभा राहिला. उठली ती कंबरेत, वाकून वाकून.

सासू चहा ठेवायला गेली तशी त्यानं महेश्वरीला हळू आवाजात विचारलं. त्याचा हळू आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाण्याइतका, पण त्याच्यापरीनं हळूच.

"महेश्वरी, मला काय होईना गं."

"काय व्हायला पाहिजे?"

"ते कळ का काय ते. बाप झाल्याचं. काहीच वाटंना."

महेश्वरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती म्हणाली, "मला तरी कुठं काय वाटतंय? मला फक्त झोप येती." मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "होईल हो."

"आणि न्हाय झालं तर?"

हे विचारताना मात्र त्याचा आवाज खरंच खाली आला. त्याला कारणही होतं. त्याचा स्वतःचा बाप दहा वर्षांपूर्वी गेला. भला माणूस, निर्व्यसनी, गावात मान. पण मल्लिनाथला बाप आठवायचा तो पाठमोरा. बाप पुढं चाललाय आणि हा मागं पळतोय, एवढंच. बापानं कधी कडेवर घेतलं नाही, कधी गालाला हात लावला नाही, आजारपणात उशाशी बसला नाही. गेला तेव्हा मल्लिनाथ रडला, पण चार माणसं रडतात म्हणून. आपल्यातही तोच दगड आला असला तर या पोरीनं काय करायचं? जन्मभर पाठच बघायची का? असा त्याला घोर लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, मल्ल्याला आवाजाशिवाय दुसरा घोर नाही.

महेश्वरी पोरीला घेऊन अणदूरला आली. कागदावर नाव इरा ठेवलं, नवं आणि झकास. रुद्रम्मानं आपल्या आईचं नाव इरम्मा ठरवलेलंच होतं. त्यामुळं घरात इरम्मा आणि दाखल्यावर इरा, असा तोडगा निघाला आणि दोन्ही पक्ष आपणच जिंकलो म्हणून गप्प बसले.

आता रुद्रम्माचे कायदे ऐका. वडीलधाऱ्यांसमोर बापानं पोटचं पोर उचलायचं नाही, निर्लज्जपणा दिसतो. बापानं पोराकडं टक लावून बघायचं नाही, आईबापाची दृष्ट सगळ्यात वाईट लागते. बापानं पोराचं कौतुक करायचं नाही, मुका घ्यायचा नाही, आणि दुपटं बदलायचं तर नावच काढायचं नाही. मल्लिनाथ पाळण्याजवळ उभा राहिला की माजघरातून आवाज यायचा, "मल्ल्या, काय काम हाय तिथं? जा, तुझी डबडी पूस जा." हा जायचा आणि बॉक्स पुसत बसायचा. मनातून सुटल्यासारखंही वाटायचं. बघायचंच नाही म्हटल्यावर काही वाटलं नाही तर दोष कुणाचा?

पण महादेवाच्या मनात वेगळंच होतं. आषाढ लागला, लग्नं संपली, डीजेची गाडी पत्र्याच्या शेडात ताडपत्री पांघरून बसली. आणि त्याच आठवड्यात रुद्रम्मा ओट्यावरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर. महेश्वरीची रजा संपलेली, प्रॅक्टिकलला हजर राहिलं नाही तर वर्ष वाया. ती सकाळच्या एसटीनं धाराशिवला जायची ती संध्याकाळीच परतायची. तिची आई आली असती, पण तिच्याकडं धाकट्या सुनेचं बाळंतपण. राहिलं कोण? मोडक्या हाताची आजी आणि बिनकामाचा बाप.

पहिल्या सकाळी रुद्रम्मा खाटेवर बसून मुलखाचे निःश्वास टाकत होती. पोरगी तेल लावून तयार, पाणी तापलेलं, आणि न्हाऊ घालायला हात नाही. शेवटी तिनं भिंतीकडं तोंड करून हुकूम सोडला, "मल्ल्या, बस पाटावर. लाज तर गेलीच हाय माझी, निदान पोरगी तरी स्वच्छ राहूंदे."

मल्लिनाथ पाटावर बसला, पाय पुढं पसरले. "मुडद्या, जीनपँटीवर लेकरू न्हाऊ घालतंय का कुणी? लुंगी नेस!" लुंगी नेसून आला. "वर घे ती, गुडघ्याच्या वर! पाय उघडे पाहिजेत!" घेतली. मग पोरीला त्याच्या नडग्यांवर पालथं घातलं. तेलानं बुळबुळीत झालेलं ते जनावर हातात ठरेना. दोन मणांचा बॉक्स एका हाती चढवणारा गडी, पण त्या पाच-सहा किलोच्या जिवापुढं त्याला दरदरून घाम फुटला. रुद्रम्मा खाटेवरून ओरडतेय, "मान! मान धर! मानंला पाणी! अरं काखंत घाल की हात, काखंत!" पोरगी बोंबलतेय. दारात शेजारणी जमल्या. पुरुष माणूस मांड्या उघड्या टाकून लेकरू न्हाऊ घालतोय, हा खेळ अणदुरात कधी फुकट बघायला मिळाला होता? कुणी पदर तोंडाला लावला, कुणी लावलाही नाही. समोरच्या घरची उमादेवी तर म्हणाली, "रुद्रम्मा, सून चांगली मिळाली बाई तुला. दाढी तेवढी काढ म्हणावं."

न्हाणं झालं. मग शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी. धुरीत पोरगी शिंकली आणि बापाच्या लुंगीवर मुतली. रुद्रम्मा म्हणाली, "झाली तुझी दीक्षा."

पुढचे दिवस कसे गेले म्हणाल तर मान मोडून. न्हाणं, धुरी, दुपटी, वाटी-चमच्यानं दूध, ढेकर, झोका. पहिल्या आठवड्यात त्यानं दुपटं असं बांधलं की पोरगी उचलली आणि दुपटं खाली राहिलं. दुसऱ्या आठवड्यात बांधायला आलं तर सोडता येईना. शेवटी त्यानं वायरी बांधतात तशी गाठ बसवली. ती मात्र पक्की निघाली. महेश्वरीनं संध्याकाळी घरी आल्यावर बघितली आणि कात्री मागितली.

माइकचं प्रकरण तर गावानं अजून जपून ठेवलंय. झालं असं, की अंगणात बॉक्सांची दुरुस्ती काढलेली आणि पोरगी आत पाळण्यात. रडली तर ऐकू कसं यावं? डीजेवाल्याच्या डोक्यात काय येणार! त्यानं बिनवायरचा माइक फडक्यात गुंडाळून पाळण्याच्या दोरीला बांधला. आवाज अंगणातल्या छोट्या डब्यात काढायचा होता. पण उमाशंकरनं तपासायला म्हणून मोठ्या बॉक्सांची पिन जोडून ठेवली होती आणि तो तंबाखू आणायला गेला होता. इकडं पाळण्याजवळ रुद्रम्मा डाव्या हातानं झोका देत, भेटायला आलेल्या बाईला मन मोकळं करून सांगत होती. आणि अख्ख्या अणदुरावर, बेससकट, आकाशवाणी झाली:

"उमादेवीच्या नातवाच्या बारशाला गव्हाची हुग्गी खाल्ली म्या. हुग्गी कसली बाई, पोस्टर चिकटवायची खळ! गूळ तर दाराबाहेरनंच परत गेला हुता!"

मल्लिनाथ मिक्सरकडं झेपावला, पण पाय वायरीत. तो पडला आणि वर देवळाच्या शिखरावरून कबुतरं उडाली. मग पोरगी जागी झाली. तिनं जो टाहो फोडला तो म्हणे नळदुर्गच्या रस्त्यावर बस थांबवून ड्रायव्हरनं ऐकला. उमादेवी हातात उलथणं घेऊन दारात हजर. रुद्रम्माला आत काही कळेना, ती म्हणते, "ये बाई ये, आत्ताच तुझी आठवण काढली." त्यानंतर दोन घरांतलं बोलणं गौरी-गणपतीपर्यंत बंद होतं.

मोठ्या बॉक्सांची पिन काढली, पण माइक राहिला. आता मल्लिनाथ कानाला हेडफोन लावून तारा जोडायचा आणि आतलं ऐकायचा. काय ऐकायचं? पोरगी झोपली की श्वास. नाक चोंदलेलं असलं की शिट्टी. आणि रडणं. लोक म्हणतात लेकराचं रडणं म्हणजे रडणं. कसलं काय! भुकेचं रडणं आधी एक उचकी घेतं आणि मग वर चढतं. ओलं झाल्याचं रडणं तक्रार केल्यागत सरळ चालतं. झोप आलेली असली की रडणं डुगडुगतं. आणि नुसतंच कुणीतरी या म्हणून जे असतं त्यात मध्येमध्ये थांबून कानोसा घेतला जातो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर आवाजाच्या धंद्यात राहून त्यानं इतकं बारीक कधी ऐकलं नव्हतं.

पण विचाराल तर म्हणायचा, "काम हाय. मिक्सर सांभाळतो तशी पोरगी सांभाळतो." एक दिवस महेश्वरी एसटीतून उतरून आली तर हा पोरीला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालत होता. ती हसून म्हणाली, "काय, झालं का काही?" त्यानं मान हलवली. "सवय झालीया. बाकी काय न्हाय. कळ म्हणून जी म्हणत्यात ती न्हाय." तिनं पोरीला घेतलं आणि त्याला नाही म्हटलं तरी हायसंच वाटलं, आणि मग हायसं वाटलं म्हणून वाईट वाटलं. हे असं रोजचं.

बाकीच्यांना मात्र बदल दिसत होता. मोटारसायकल बैलगाडीच्या चालीनं चालवू लागला. चहाच्या टपरीवर कुणी हॉर्न वाजवला की, "ए, माणसं झोपल्यात!" म्हणून अंगावर जायचा. भर दुपारी माणसं झोपल्यात! उमाशंकरनं एकदा नवं गाणं ऐकवलं तर म्हणाला, "जरा बारीक कर." उमाशंकर त्याच्याकडं बघतच राहिला. बोलताना मध्येच कान टवकारून "थांब" म्हणायचा आणि घराकडं बघायचा. स्क्रू-ड्रायव्हर खिशात आणि हुडकतोय शेडभर. एका पोरीच्या सासरी जाण्याचा जुना व्हिडिओ बघून नाक शिंकरताना पकडला गेला तेव्हा तर टपरीवर शोककळा पसरली. "गेला," लोक म्हणाले, "गडी हातचा गेला."

अशात महेश्वरीनं कॉलेजातून बातमी आणली. त्यांच्या मॅडमनी शिकवलं होतं. उमाशंकर ओसरीवर चहा पीत होता, त्याच्यासमोरच तिनं सांगितलं, आणि तिथंच चूक झाली.

"बाप झाल्यावर पुरुषाचा मेंदू बदलतो म्हणे. फोटो काढून बघितलंय शास्त्रज्ञांनी. काही काही भाग थोडे आकसतात."

उमाशंकरनं कप खाली ठेवला. "काय म्हणलात वैनी? आकसतो?"

"थोडासा."

"ह्याचा? ह्याचा आकसतो? अवो, आधीच केवढा हुता!"

झालं. दुसऱ्या दिवशी सगळं अणदूर विचारायला लागलं, "मल्ल्या, आज कितीवर आला?" कुणी चिंच दाखवून विचारायचं, एवढा का? कुणी चिंचोका दाखवायचं. न्हाव्यानं डोकं दोन्ही हातांत धरून "मापात फरक पडलाय खरा" म्हणून सांगितलं. रुद्रम्मानं तर खरंच घाबरून त्याला बदामाचा शिरा चालू केला.

महेश्वरी त्याला एकट्याला गाठून म्हणाली, "अहो, अर्धंच ऐकलं तुम्ही. आकसणं वाईट नसतं. आपल्याकडं द्राक्षबागेची छाटणी करतात ना? तशीच छाटणी होते, नको ते फाटे जातात. आणि हे नुसतं बाप झाल्यानं होत नाही. जो बाप लेकरू सांभाळतो त्याचं जास्त होतं. आणि हळूहळू होतं."

मल्लिनाथ डोकं खाजवत बसला. "म्हंजे दगडोबामामानं सांगितलेलं एकदम कळ-बिळ?"

"दगडोबामामांनी पाचातलं एक तरी लेकरू न्हाऊ घातलंय का?"

"त्यांनी सोताला घातलेलं पण आठवत न्हाय."

"मग?"

मग त्याचं खरं बाहेर आलं. "पर मग मला काहीतरी कळायला पाहिजे व्हतं की गं. म्या दोन महिने ह्या पोरीचं मुताचं दुपटं धुतोय. छाटणी चाललीया म्हणतीस, तर घड कुठाय? माझ्या बापावर गेलोय म्या, दुसरं काय." महेश्वरीनं वाळलेल्या दुपट्यांचा ढीग त्याच्याकडं सरकवला आणि आपणही घड्या घालायला बसली.

गणपती आले. ताडपत्री निघाली, बॉक्स चढले, लायटिंग लागलं. अणदुरात विसर्जनाची मिरवणूक म्हणजे भक्ती आहेच, पण खरी ओढ असते ती चावडीसमोरच्या सामन्याची. दोन मंडळं, दोन डीजे, तोंडासमोर तोंड. ज्याच्यापुढची पोरं फुटून दुसऱ्याकडं नाचायला जातील तो हरला. मल्लिनाथ कधी हरलेला नव्हता. यंदा समोर होता नळदुर्गचा रेवणप्पा, नवी मशीन घेऊन. गेले पंधरा दिवस तो सांगत सुटला होता की मल्ल्याच्या मेंदूसारखा त्याचा बेसपण आकसलाय.

महेश्वरीला सुट्टी होती, ती पोरीपाशी घरी. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी मल्लिनाथनं निघताना खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि "आतल्या खोलीत निजव, आतल्या" असं इतक्या वेळा सांगितलं की रुद्रम्मा म्हणाली, "तू जातोस का बॉक्सात घालून तुलाच निजवू?"

दिवेलागणीला सामना सुरू झाला. रेवणप्पानं पहिला तडाखा दिला आणि चावडीचे पत्रे थरथरले. मल्लिनाथनं उत्तर दिलं आणि पत्र्याचा एक खिळा सुटून आला. गुलालात कुणाचं तोंड कुणाला ओळखू येईना. बंदोबस्ताचा हवालदार दोन्ही गाड्यांमध्ये पळत "आवाज कमी करा, कमी करा" म्हणत होता, पण त्याच्या तोंडाची नुसती उघडझाप दिसत होती. हळूहळू रेवणप्पाची पोरं इकडं सरकायला लागली. आणखी एक गाणं, की निकाल लागला. उमाशंकर टपावर उभा राहून टॉवेल फिरवत होता. मल्लिनाथनं दोन्ही हात मिक्सरवर ठेवले, शेवटचा घाव घालायचा तर हाच.

आणि त्याला ऐकू आलं. उचकी. मग वर चढणारं रडणं. भूक लागलीय.

आता तुम्हीच सांगा, त्या गदारोळात ढगफुटी झाली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण त्याला ऐकू आलं. बॉक्सांच्या वरून नाही, मागून नाही, कुठून ते त्याला सांगता येईना, पण अगदी कानाशी ओठ लावल्यागत. त्याच्या हातांनी त्याला विचारलंच नाही. त्यांनी सगळी बटणं खाली ओढली.

मल्लिनाथचा डीजे बंद पडला. नाचणारे हात वर घेऊन तसेच थांबले. हवालदारच घाबरून पुढं आला, "काय झालं? बंद का केलं? लाव की!" पण मल्लिनाथनं गाडीवरून उडी टाकली होती. गर्दी चिरत तो सुटला. एक चप्पल चावडीपाशी राहिली, दुसरी देवळाच्या वळणावर. मागं रेवणप्पाच्या गाडीनं विजयाचा भोंगा दिला. इतकी वर्षं राखलेली इज्जत गुलालात गेली आणि हा पोट सांभाळत अनवाणी पळतोय. त्याच्या डोक्यात एवढंच, वाटीत दूध आहे का, दूध कोमट आहे का, महेश्वरीला ऐकू आलं असेल का.

दार ढकलून तो आत शिरला. रुद्रम्मा खाटेवर वाती वळत बसली होती. महेश्वरी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन. दोघींनी त्याच्याकडं बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत गुलाल, श्वास लागलेला, पायातून रक्त.

"रडती ना?" तो म्हणाला.

"कोण?"

"इरम्मा. भूक लागलीया तिला."

"अहो, आत्ता तर पाजलंय. मघापासून गाढ झोपलीय."

तो आत गेला. पोरगी पाळण्यात दोन्ही मुठी डोक्याशी घेऊन उताणी पसरली होती. ओठांच्या कोपऱ्यात दूध वाळलेलं. श्वास संथ, शिट्टी नाही. रडल्याची खूणसुद्धा नव्हती.

"म्या ऐकलं," तो म्हणाला. "आत्ता ऐकलं. चावडीपाशी. बॉक्स चालू असताना."

"ती रडलीच नाही," महेश्वरी म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. पुस्तक तिनं खाली ठेवलं.

न रडलेल्या पोरीचं रडणं ऐकून आपण गावभर धावत आलो, हे मल्लिनाथलाही सावकाश उमगत गेलं, आणि उमगलं तसा तो पाळण्याशेजारी जमिनीवर बसला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला. आईसमोर, बायकोसमोर, गुलालाचे ओघळ दाढीत. आयुष्यात पहिल्यांदा बिनआवाजाचं रडला, पोरगी उठेल म्हणून. रुद्रम्मा वाती सोडून उठली. आता ही काहीतरी बोलणार असं वाटलं, पण ती जवळ आली आणि प्लास्टर काढलेला तो बारीक झालेला हात तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तुझा बाप असा कधी धावला न्हाय रे," ती म्हणाली. "वाटत आसंल त्याला. पर धावला न्हाय." आणि पदरानं डोळे पुसत वातींकडं गेली.

तेवढ्यात उमाशंकर धापा टाकत दारात आला, एका हातात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरी. "मल्ल्या, लेका, डोस्कं फिरलं का तुझं? सगळी पोरं खवळल्यात! रेवणप्पा खांद्यावर नाचतोय! काय झालं काय?"

"हळू बोल," मल्लिनाथ म्हणाला.

"हळू काय हळू! बाहेर लोक इचारायलेत, त्यांस्नी काय सांगू म्या?"

मल्लिनाथनं पाळण्याकडं बघितलं. टक लावून, मनसोक्त, कुणाच्या बापाला न भिता बघितलं. मग नाक पुसलं आणि म्हणाला, "सांग, मल्ल्याला जुलाब लागले. ते समजंल त्यांस्नी."